खोटी बंदूक, खरा नेम

२००४ साली अमेरिकेत, कॅलिफोर्नियात, 'स्टील चॅलेंज' नावाची पिस्तूल नेमबाजीची जागतिक स्पर्धा झाली आणि ती तात्सुया साकाई नावाच्या एका जपानी माणसाने जिंकली. जिंकली तर जिंकली, त्यात काय एवढं, असं तुम्ही म्हणाल. गंमत पुढे आहे. जपानमध्ये साध्या माणसाला पिस्तूल घरी ठेवणं सोडाच, हातात धरायलाही मिळत नाही. साकाईने जवळजवळ सगळा सराव केला होता तो प्लॅस्टिकच्या गोळ्या मारणाऱ्या पिस्तुलावर, म्हणजे ज्याला 'एअरसॉफ्ट' म्हणतात त्यावर. तेवढ्या भांडवलावर हा बाबा अमेरिकेत गेला, खरं पिस्तूल हातात घेतलं आणि लहानपणापासून खऱ्या बंदुका चालवणाऱ्यांना हरवून आला.

आपल्याकडे दिवाळीत टिकल्यांची बंदूक उडवून कुणी पोलिसांच्या नेमबाजी स्पर्धेत पहिला आला तर कसं वाटेल? साधारण तसंच :)

हे वाचल्यापासून एक प्रश्न डोक्यातून जात नव्हता. खोट्या हत्यारावर केलेला सराव खऱ्या ठिकाणी कितपत चालतो? अमेरिकेत २०१३ साली आणि पुन्हा २०२०-२१ मध्ये काडतुसांचा तुटवडा झाला, भाव वाढले, तेव्हा तिथल्या अनेकांनी स्वसंरक्षणाच्या सरावासाठी एअरसॉफ्ट जवळ केलं. हिशोब सरळ आहे. एक खरं काडतूस उडवायच्या पैशात प्लॅस्टिकच्या मूठभर गोळ्या येतात, आणि त्या घराच्या मागच्या अंगणातही उडवता येतात. पण 'स्वस्त' आणि 'उपयोगी' हे दोन वेगळे शब्द आहेत. म्हणून म्हटलं, जरा मागे जाऊन बघू, की ही स्वस्तातल्या सरावाची भानगड सुरू कुठून झाली.

तर मंडळी, ती एअरसॉफ्टच्या शंभर वर्षं आधी सुरू झाली.

१८८० च्या दशकात ब्रिटिश सैन्याकडे मार्टिनी-हेन्री रायफल होती. जाडजूड काडतूस, खांद्याला जबरदस्त धक्का, आणि सरावाला शेकडो यार्डांचं मोकळं मैदान लागणार. शहरातल्या पलटणींनी मैदान आणायचं कुठून? यावर 'मॉरिस ट्यूब' नावाची युक्ती निघाली. रायफलीच्या नळीत आणखी एक बारीक नळी बसवायची आणि त्यातून अगदी छोटं काडतूस उडवायचं. रायफल तीच, वजन तेच, चाप तोच, नेम धरायची पद्धत तीच. फक्त धक्का, आवाज आणि खर्च कमी. बराकीतल्या एखाद्या लांबट खोलीतही सराव व्हायला लागला.

मग १८९९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध पेटलं. डिसेंबर १८९९ च्या एकाच आठवड्यात ब्रिटिशांचा लागोपाठ तीन ठिकाणी पराभव झाला. समोर होते शेतकरी, पण रायफल चालवण्यात पटाईत. या तीनपैकी कोलेन्सोच्या लढाईत जखमी होऊन लॉर्ड रॉबर्ट्सचा एकुलता एक मुलगा गेला. हा रॉबर्ट्स म्हणजे कानपूरला जन्मलेला आणि १८८५ ते १८९३ हिंदुस्थानचा सरसेनापती असलेला. या पराभवांनंतर त्यालाच दक्षिण आफ्रिकेत सेनापती म्हणून पाठवलं. पुढे त्याने एकच धोशा लावला, की इंग्लंडातल्या सामान्य माणसाला नेम धरता आला पाहिजे. १९०१ मध्ये कामगारांच्या रायफल क्लबांची एक संस्था निघाली आणि रॉबर्ट्सने तिच्या पाठीशी आपलं वजन उभं केलं. गिरणीत किंवा कारखान्यात राबणाऱ्याला मोठी रायफल, मोठं मैदान, महागडी काडतुसं कुठून परवडणार? म्हणून पॉइंट टू-टू ची छोटी रायफल आणि २५ यार्डांचं अंतर, एवढ्यावर काम भागवलं. रुडयार्ड किपलिंगनेही आपल्या रॉटिंगडीन गावात असा क्लब काढला होता.

तुमच्यापैकी ज्यांनी कॉलेजात एनसीसी केलं असेल त्यांनी बहुतेक आयुष्यातली पहिली गोळी पॉइंट टू-टू रायफलीनेच झाडली असेल. ती रायफल हातात का दिली जाते, त्याचं उत्तर वरच्या परिच्छेदात आहे.

याहून स्वस्त मार्ग म्हणजे हवेची बंदूक. आपल्या जत्रेत फुगे फोडायला असते तीच जातकुळी. बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीने १९०५ च्या सुमारास चांगल्या प्रतीच्या एअर रायफली काढल्या आणि तिथल्या पबमध्ये संध्याकाळी चक्क लीग सामने व्हायला लागले. समोर लोखंडी पाटी, पाटीला बारीक भोक, भोकातून छर्रा गेला की मागे घंटा वाजते. इथे एक गोष्ट नोंदवून ठेवा. घंटेवर नेम धरणाऱ्या त्या मंडळींपैकी कितीजणांच्या डोक्यात युद्ध होतं? पर्याय म्हणून आलेली वस्तू हळूहळू स्वतःच एक खेळ बनली. पुढे १९८४ मध्ये एअर रायफल ऑलिंपिकमध्ये आली आणि २००८ मध्ये बीजिंगला अभिनव बिंद्राने भारताचं पहिलं वैयक्तिक सुवर्ण मिळवलं ते १० मीटर एअर रायफलीतच. तिथे कुणी विचारत नाही, की बाबा रे, याचा लढाईत उपयोग काय?

पण लढाईतही छर्ऱ्याच्या बंदुकीचा उपयोग करून पाहिलेला आहे, आणि तोही कुठे, तर अमेरिकन सैन्यात! व्हिएतनामच्या जंगलात शत्रू अचानक काही पावलांवर समोर यायचा. निवांत एक डोळा मिटून नेम धरायला वेळ नाही. तेव्हा जॉर्जियात लकी मॅकडॅनियल नावाचा एक गृहस्थ नेम न धरता, नुसतं निशाणाकडे बघून गोळी मारायला शिकवायचा. आपण बोट दाखवताना बोटाकडे बघत नाही, तसंच. त्याच्या पद्धतीवरून सैन्याने १९६७ मध्ये 'क्विक किल' नावाचा अभ्यासक्रम काढला. फोर्ट बेनिंगला रंगरूटांच्या हातात डेझी कंपनीच्या छर्ऱ्याच्या बंदुका दिल्या, आणि त्याही नेम धरायची माशी नसलेल्या. एकाने धातूची छोटी चकती हवेत उडवायची, दुसऱ्याने ती टिपायची. हे जमलं, की मग खरी रायफल.

आता या गोष्टी एकाखाली एक मांडून बघा. मॉरिस ट्यूबने रायफलीचं वजन आणि चाप राखला, धक्का काढून टाकला. क्विक किलने डोळा आणि हाताचा मेळ राखला, बाकी सगळं काढून टाकलं, अगदी माशीसुद्धा. प्रत्येक नकलेने मूळ कौशल्याचा एक तुकडा उचलला आणि उरलेला सोडून दिला. आणि ज्यांनी ती नक्कल बनवली त्यांना पक्कं माहीत होतं, की आपण काय सोडलंय. म्हणून तर पुढची पायरी खऱ्या रायफलीची ठेवली होती.

आता जपानकडे येऊ. वरच्या सगळ्या गोष्टींत खरी बंदूक होती, फक्त ती महाग होती. जपानमध्ये खरी बंदूकच नव्हती.

दुसऱ्या महायुद्धातल्या पराभवानंतर अमेरिकन अंमलाखाली जपानमधली शस्त्रं जमा झाली. १९५८ मध्ये बंदुका आणि तलवारींचा कायदा आला आणि तो जगातल्या कडक कायद्यांपैकी एक आहे. ऑलिंपिकच्या धर्तीवरच्या पिस्तूल नेमबाजीसाठीसुद्धा पिस्तूल बाळगायची परवानगी साऱ्या देशात फक्त ५० खेळाडूंना मिळते. पण हॉलिवूडचे सिनेमे काही थांबले नाहीत. काऊबॉय आले, जेम्स बाँड आला. १९६० च्या दशकात तिथे 'मॉडेल गन'चं वेड आलं. हुबेहूब खऱ्यासारखी, धातूची, आतले भागही खऱ्यासारखे हलणारी, फक्त गोळीऐवजी टिकली उडवणारी.

हुबेहूब असल्यामुळेच मग भानगड झाली. १९७० मध्ये जपानी अतिरेक्यांनी 'योदो' नावाचं प्रवासी विमान पळवलं. त्यांच्याकडची शस्त्रं नकली होती, हे नंतर उघड झालं. पण त्या क्षणी विमानात बसलेल्यांना त्याचा काय उपयोग? १९७१ मध्ये कायदा बदलला. धातूच्या नकली पिस्तुलाची नळी बंद पाहिजे आणि रंग पांढरा किंवा पिवळा पाहिजे. १९७७ मध्ये नियम आणखी आवळले, म्हणजे नकलीला खरी बनवता येऊ नये. मग कारखानदारांनी धातू कमी करून प्लॅस्टिक धरलं. प्लॅस्टिकचं पिस्तूल काळं असलं तरी चालत होतं. आणि टिकलीऐवजी स्प्रिंगच्या किंवा गॅसच्या जोरावर सहा मिलिमीटरची प्लॅस्टिकची गोळी उडवायला सुरुवात झाली. हेच एअरसॉफ्ट. थोडक्यात, हा कायद्याच्या कुंपणातल्या फटीतून उगवलेला वेल आहे.

१९९१ मध्ये तोक्यो मारुई कंपनीने फामास या फ्रेंच रायफलीची विजेवर चालणारी नक्कल आणली. आत बॅटरी, छोटी मोटर, तीन गिअर आणि स्प्रिंगवर मागेपुढे होणारा पिस्टन. मेकॅनिकलवाल्यांनी त्याची आकृती जरूर बघावी, मजा येईल. शिवाय 'हॉप-अप' नावाची एक करामत असते. नळीतून निघताना गोळीला वरच्या बाजूने रबर घासतं, त्यामुळे ती उलटी गिरकी घेत जाते आणि हवेत जास्त वेळ तरंगते. स्पिनरचा चेंडू हवेत का वळतो, त्याचाच हा भाऊ.

२००६ मध्ये जपानने ताकदीवरही मर्यादा घातली. सहा मिलिमीटरच्या गोळीला साधारण ०.९८ ज्यूल. तुलना करून सांगतो. ०.२ ग्रॅमची गोळी सेकंदाला ९९ मीटर वेगाने निघाली की एवढी ऊर्जा होते. नऊ एमएम पिस्तुलाची साडेसात ग्रॅमची गोळी सेकंदाला ३६० मीटरने निघते असं धरलं तर ४८० ज्यूलच्या आसपास. म्हणजे जवळपास पाचशे पट!

पाचशे पट फरक असूनही साकाई जिंकला कसा? उत्तर त्या स्पर्धेच्या घडणीत आहे. स्टील चॅलेंज १९८१ पासून चालू आहे. समोर पाच पोलादी पाट्या असतात. पिस्तूल कमरेच्या होल्स्टरमध्ये, दोन्ही हात खांद्याच्या वर. बझर वाजला की पिस्तूल काढायचं, पाचही पाट्यांना एकेक गोळी, आणि ठरलेल्या शेवटच्या पाटीवर गोळी बसली की घड्याळ थांबतं. बहुतेक प्रकारांत अशा पाच फेऱ्या, त्यातली सगळ्यात वाईट सोडून द्यायची आणि बाकीच्यांची बेरीज. फेरी दोन-चार सेकंदांत संपते. पाट्या तशा मोठ्या, अंतरं तशी जवळची, आणि काडतूस अमुक एवढ्या ताकदीचंच पाहिजे असा आग्रह नाही, त्यामुळे धक्काही माफक.

मग जिंकायला लागतं काय? हात होल्स्टरकडे जाणं, पिस्तूल डोळ्यासमोर येणं, माशी दिसणं, चाप दाबणं, नजर पुढच्या पाटीकडे वळणं. यातली एकही गोष्ट बारुदावर अवलंबून नाही. सगळ्या हजारदा, दहा हजारदा करून अंगात मुरवायच्या गोष्टी, आणि हजारदा करायला स्वस्त वस्तूच लागते. अमेरिकन माणूस मैदानावर जाणार, काडतुसं मोजून आणणार, संपली की घरी येणार. साकाईला घरच्या घरी रात्री कितीही वेळ चालू ठेवता येत होतं. माझ्या मते तो एअरसॉफ्ट असूनही जिंकला असं नाही, काही अंशी एअरसॉफ्टमुळेच जिंकला. खऱ्या पिस्तुलाशी ओळख करून घ्यायला मात्र त्यालाही अमेरिकेत जावंच लागलं.

आता स्वसंरक्षणाकडे वळू. इथे माझं मत जरा वेगळं होतं.

स्पर्धेत काय सुटलंय ते मोजता येतं. खऱ्या प्रसंगात ते मोजता येत नाही. एअरसॉफ्टच्या खेळात माणूस झुडपामागे किंवा पातळ प्लायवुडच्या फळीमागे लपतो आणि वाचतो, कारण प्लॅस्टिकची गोळी पानालाही अडकते. खरी गोळी त्या फळीला विचारतही नाही. शंभर वेळा खेळून शंभर वेळा वाचलेल्या माणसाच्या अंगात हा खोटा धडा मुरलेला असतो आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो. आपल्या धंद्यात टेस्ट सर्व्हरवर सगळं हिरवं दिसतं आणि लाइव्ह गेल्यावर पहिल्या तासात फोन वाजायला लागतात, तसलाच प्रकार. टेस्टने खोटं सांगितलेलं नसतं. तिथे नसलेल्या गोष्टीबद्दल तिने काही सांगितलंच नव्हतं.

दुसरी सुटलेली गोष्ट म्हणजे परिणाम. एअरसॉफ्टमध्ये गोळीचा रंग अंगावर उमटत नाही, म्हणून लागलेल्याने स्वतःच 'हिट' असं ओरडायचं आणि बाहेर जायचं, असा रिवाज आहे. सगळा खेळ प्रामाणिकपणावर. छान आहे. पण दहा मिनिटांनी तो परत आत येतो. खऱ्या गोळीनंतर कुणी परत येत नाही, आणि मारणाऱ्याचंही पुढचं आयुष्य पोलीस, कोर्ट आणि रात्रीची झोप यांत जातं. त्याचा सराव कशावर करणार?

तरीही एक बाजू एअरसॉफ्टची मोठी आहे. कागदी निशाण बोलत नाही, हलत नाही, खिशात हात घालत नाही. समोर जिवंत माणूस उभा करून सराव घेतला, तर 'मारायचं की नाही' हा निर्णय शिकता येतो. तो हात खिशातून मोबाइल काढतोय की आणखी काही? गोळी न मारता मागे सरता येईल का? माझ्या दृष्टीने स्वसंरक्षणातला सगळ्यात महत्त्वाचा धडा हाच आहे, आणि तो शिकवताना हातातलं हत्यार खोटंच असायला हवं. ९ ऑगस्ट २०१६ रोजी फ्लोरिडातल्या पुंता गोर्डा गावात पोलिसांनी नागरिकांसाठी नेमकं याच विषयाचं प्रात्यक्षिक ठेवलं होतं. रिव्हॉल्व्हरमध्ये फक्त आवाजाची काडतुसं आहेत असा समज होता. ती खरी निघाली, आणि प्रात्यक्षिकात भाग घेतलेल्या ७३ वर्षांच्या निवृत्त ग्रंथपाल बाई गोळी लागून गेल्या. ज्या हत्यारात खरं काडतूस बसूच शकत नाही ते तिथे असतं, तर त्या संध्याकाळी घरी गेल्या असत्या.

आणि नाण्याची दुसरी बाजूही सांगायलाच हवी. नोव्हेंबर २०१४ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलंड शहरात १२ वर्षांचा एक मुलगा बागेत एअरसॉफ्ट पिस्तूल घेऊन खेळत होता. अशा नकली बंदुकीचं टोक नारिंगी असावं असा १९८८ चा अमेरिकन कायदा आहे, पण त्या पिस्तुलाचं टोक नारिंगी राहिलेलं नव्हतं. पोलिसांची गाडी आली आणि सुमारे दोन सेकंदांत गोळी झाडली गेली. मुलगा गेला. पिस्तूल खोटं होतं हे खेळणाऱ्याला माहीत होतं, बघणाऱ्याला नाही. जपानने १९७१ मध्ये पांढरा किंवा पिवळा रंग सक्तीचा केला, ब्रिटनने २००६ च्या कायद्याने हुबेहूब नकलींच्या विक्रीवर बंधन आणलं आणि नोंदणीकृत एअरसॉफ्ट खेळाडूंना सूट ठेवली, ते सगळं याच भीतीपोटी.

म्हणजे पेच असा आहे. सरावासाठी नक्कल जितकी हुबेहूब तितकी चांगली, आणि रस्त्यावर तीच नक्कल जितकी हुबेहूब तितकी घातक. एकाच वस्तूचा गुण जागा बदलली की दोष होतो. त्यामुळे 'एअरसॉफ्ट चांगलं की वाईट' या वादात मला फारसा रस नाही. कोणत्याही सरावाआधी एक कागद घ्यावा आणि त्यावर लिहावं, की या नकलेत खऱ्यातलं काय आहे आणि काय नाही. मॉरिस ट्यूबवाल्यांकडे ती यादी होती. साकाईकडेही असावी, नाहीतर तो खऱ्या पिस्तुलाशी ओळख न करून घेताच मैदानात उतरला असता. ज्याच्याकडे ही यादी आहे त्याच्यासाठी खोटी बंदूक उत्तम गुरू आहे. ज्याच्याकडे नाही, त्याला ती नेमापेक्षा आत्मविश्वास जास्त देते. आणि हत्यार हातात असताना फाजील आत्मविश्वासाइतकं वाईट काही नाही.

असो. बरंच लांबलं. यातलं काही पटलं नाही तर जरूर सांगा, वाद घालायला मजा येते. पुढच्या शनिवारी भेटूच.